टाचेच्या भेगा : दुधनी परिसरातील गृहोपचारांचा ऐतिहासिक मागोवा

बीजसंज्ञा : पाददारी, जळवात, वज्री, मेण-तेल, बिब्बा, अनवाणी श्रम, दुधनी

प्रस्तावना

महाराष्ट्रातील आरोग्याचा इतिहास हा प्रामुख्याने साथींचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. पटकी, देवी, प्लेग, १९१८ चा इन्फ्लुएन्झा यांच्या नोंदी सरकारी दप्तरात विपुल आढळतात; कारण या रोगांनी माणसे मारली, बाजार बंद पाडले आणि महसूल बुडवला. ज्या दुखण्याने माणूस मरत नाही, परंतु वर्षातील चार महिने लंगडत काम करतो, अशा दुखण्याला दप्तरात जागा मिळाली नाही. टाचांना पडणाऱ्या भेगा हे असेच एक दुखणे होय. त्यावरचा उपचार वैद्याच्या किंवा डॉक्टरच्या दारात क्वचितच गेला. तो न्हाणीघरात, चुलीपाशी आणि रात्री अंथरुणावर होत राहिला आणि बहुतांशी स्त्रियांच्या हातून होत राहिला. त्यामुळे त्याचा इतिहास शोधावयाचा तर वैद्यकग्रंथ, जुनी वस्तुसामग्री, पीकपद्धती, पादत्राणांचा सामाजिक इतिहास आणि आधुनिक त्वचाशास्त्र अशा विखुरलेल्या साधनांकडे वळावे लागते. प्रस्तुत लेखात दुधनी परिसर मध्यवर्ती ठेवून हा मागोवा घेण्यात आला आहे.

दुधनी हे सोलापूर जिल्ह्याच्या अक्कलकोट तालुक्यातील, महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरील बाजारपेठेचे गाव. सोलापूर-वाडी लोहमार्गावरील नागणसूर, बोरोटी यांच्यानंतरचे हे स्थानक. पुढे कुलाली ओलांडून गाडी गाणगापूर रोडला पोहोचते. अक्कलकोट तालुक्याचा बराचसा भाग पूर्वी भोसल्यांच्या अक्कलकोट संस्थानात होता व १९४८ मध्ये ते संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. पूर्वेकडचा गुलबर्गा, म्हणजे आजचा कलबुर्गी जिल्हा, त्याच वर्षापर्यंत निजामाच्या राज्यात होता. साहजिकच या पट्ट्यातील घराघरांत मराठी व कानडी या दोन्ही भाषा नांदतात. टाचेला मराठीत ‘टाच’ किंवा ‘खोट’ म्हणावे, तर कानडीत ‘हिम्मडी’. भेगेला तिकडे ‘बिरुकु’ असा शब्द आहे. जुन्या मराठीत या विकाराला ‘जळवात’ असेही नाव आहे. या नावातच कारणाचा विचार दडलेला आहे. दोष वाताकडे, म्हणजे रुक्षतेकडे दिलेला असून त्याला जळण्याची, आगीची जोड दिलेली आहे. ज्याने भेगाळलेली टाच रात्री गार फरशीवर टेकवून पाहिली असेल त्याला या शब्दाची नेमकी सार्थता वेगळी सांगावी लागत नाही.

ग्रंथांतील पाददारी

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील तेराव्या अध्यायात क्षुद्ररोगांची गणना आहे. ‘क्षुद्र’ या विशेषणाचा अर्थ नगण्य असा न घेता, ज्यांचा पसारा लहान व ज्यांची स्वतंत्र मोठी चिकित्सा सांगितलेली नाही असे रोग, असा घेणे अधिक योग्य ठरते. त्यांत ‘पाददारी’ हा विकार येतो. फार चालणाऱ्या माणसाच्या अतिशय रुक्ष झालेल्या पायांत वायू तळव्याच्या ठिकाणी वेदनायुक्त भेग उत्पन्न करतो, असे त्याचे वर्णन आहे. येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, ग्रंथकाराने या विकाराचा संबंध थेट चालण्याशी जोडला आहे. रोगी कोण, तर पायी हिंडणारा. पाददारी हा आरंभापासूनच कष्टाचा रोग म्हणून ओळखला गेला होता असे यावरून म्हणता येते.

उपचार चिकित्सास्थानाच्या विसाव्या अध्यायात सांगितला आहे. प्रथम सिरावेध म्हणजे रक्त काढणे, नंतर स्वेदन व अभ्यंग आणि त्यानंतर मेण, वसा, मज्जा, राळेचे चूर्ण, तूप, यवक्षार व गेरू यांच्या मिश्रणाचा पायाला लेप. चरकसंहितेत हाच किंवा याच्या जवळचा विकार ‘विपादिका’ या नावाने कुष्ठचिकित्सेच्या अध्यायात येतो. तेथे हातापायांचे तीव्र वेदनांसह फुटणे हे लक्षण दिले असून जीवंती, मंजिष्ठा, दारुहळद, कपिला, दूध व मोरचूद यांनी सिद्ध केलेल्या तूप-तेलात शेवटी राळ व मेण घालण्यास सांगितले आहे. दोन्ही संहितांतील पाठ बाजूला ठेवून केवळ सामग्रीकडे पाहिले, तर एक गोष्ट उघड होते. औषधी वनस्पती बदलल्या आहेत, पण मेण, राळ आणि स्निग्ध पदार्थ हे त्रिकूट कायम आहे. पुढील दोन हजार वर्षांच्या घरगुती व्यवहारात हेच त्रिकूट टिकून राहिले. सिरावेध मात्र घराबाहेरच राहिला, आणि ते बरेच झाले.

प्रतिबंधाचा विचारही ग्रंथांत स्वतंत्रपणे आलेला आहे. चरकाच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात पादाभ्यंगाचे गुण सांगताना पायांचा खरखरीतपणा, ताठरपणा, रुक्षता, थकवा व बधिरता त्याने जाते आणि पाय फुटत नाहीत, असे म्हटले आहे. सुश्रुताने ‘अनागतबाधाप्रतिषेध’ या अध्यायात, म्हणजे न आलेली पीडा टाळण्याच्या प्रकरणात, पायाला तेल लावणे व पादत्राणे घालणे यांचा समावेश केला आहे. ग्रंथकारांना रोगाचे कारण माहीत होते आणि प्रतिबंधही माहीत होता. प्रश्न इतकाच उरतो की, तेल आणि वहाण या दोन गोष्टी कोणाच्या आवाक्यात होत्या? संहितांनी तो प्रश्न विचारलेला नाही.

काळे रान, धसकटे आणि वहाण

दुधनी परिसरातील शेती ही पर्जन्यछायेतील काळ्या मातीची शेती होय. ज्वारी, तूर, हरभरा, उडीद, मूग, करडई ही येथील ओळखीची पिके. त्यांतही रब्बी ज्वारी हा या भागाच्या अन्नाचा कणा. काळी माती ओली असताना फुगते व चिकटते, वाळू लागली की आकसते आणि जमिनीला हातभर खोल भेगा पडतात. भिजलेल्या रानात काम केलेल्या पायावर या चिकण मातीचा थर वाळतो आणि त्वचेवरील ओलावा व तेलकटपणा शोषून घेतो. मार्गशीर्षात वेळ अमावास्येला, ज्याला या भागात ‘येळवस’ म्हणतात, कुटुंबे शेतात जेवायला जातात, तेव्हा ज्वारी उभी असते व थंडीचा कोरडा वारा सुरू झालेला असतो. तेथून काढणी-मळणीपर्यंतचा काळ हाच टाचा फुटण्याचा काळ. ज्या दिवसांत शेतात पाय सर्वाधिक चालतो त्याच दिवसांत तो सर्वाधिक फुटतो. ज्वारी कापल्यावर रानात उरणारी धसकटे भेगेत घुसतात आणि जखम चिघळते. करडईची गोष्ट तर याहून विलक्षण. काटेरी असल्यामुळे जनावरे आत शिरू नयेत म्हणून तिच्या ओळी ज्वारीच्या कडेने पेरण्याची पद्धत आहे. कापणीच्या वेळी तिचे काटे हातापायांना ओरबाडतात आणि त्याच काटेरी झाडाच्या बियांचे तेल नंतर घरात भेगांवर चोळले जाते.

पादत्राणांचा इतिहास हा या विषयाचा सर्वांत अवघड, आणि म्हणूनच टाळला जाणारा, भाग आहे. कातडे कमावणारा ढोर आणि वहाण शिवणारा चांभार हे गावगाड्याचे घटक होते, परंतु वहाण शिवली जाणे आणि ती सर्वांच्या पायांत असणे या दोन भिन्न बाबी. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील लोकांना वरिष्ठांच्या आळीतून जाताना वहाणा काढून हातात घ्याव्या लागण्याची प्रथा महाराष्ट्रात व कर्नाटकात अनेक ठिकाणी होती. शेतमजूर स्त्रिया तर जातीच्या उतरंडीत कोठेही असोत, बहुतेक वेळा अनवाणीच काम करीत. घरात, देवळात, स्वयंपाकात आणि ओल्या रानात वहाण चालत नसे व वाळलेल्या रानात ती परवडत नसे. १८८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाखा गॅझेटिअरच्या सोलापूर खंडात जातीजातींच्या पेहरावाची तपशीलवार वर्णने आहेत. कोणाच्या पायांत काय असे याची माहिती अशा ग्रंथांतून मिळू शकते. पण पायाची स्थिती काय होती, हे विचारण्याची त्या काळच्या अधिकाऱ्यांना गरज वाटली नव्हती. टाचेची भेग ही एका अर्थी वहाण नसल्याची नोंद आहे आणि ती कागदावर न होता कातडीवर झालेली आहे.

याला एक धार्मिक पदरही आहे. दुधनीच्या एका बाजूस स्वामी समर्थांचे अक्कलकोट आणि दुसऱ्या बाजूस दत्तक्षेत्र गाणगापूर. या मार्गाने अनवाणी जाण्याचा नवस करणारे यात्रेकरू आजही दिसतात. येथे अनवाणीपण स्वखुशीने पत्करलेले असते आणि त्याला मान असतो. मजुराच्या अनवाणीपणाला तो मान कधीच मिळाला नाही. हिंदीत टाचेच्या भेगेला ‘बिवाई’ म्हणतात आणि ज्याच्या पायाला ती कधी पडली नाही त्याला परक्याची वेदना काय कळणार, अशा अर्थाची म्हण तिकडे रूढ आहे.

तेल, मेण आणि राळ

घरात तेल आले म्हणजे ते टाचेपर्यंत पोहोचलेच असे होत नाही. जुन्या शेतकरी घरातील तेलाच्या वाटपाचा क्रम पाहण्यासारखा आहे. पहिला मान देवाच्या दिव्याचा, दुसरा कढईचा, मग डोक्याचा. एरंडेलासारखे जड तेल गाडीच्या आखाला आणि वहाणेला पाजण्यासाठी. चामडे कडक होऊन फुटू नये म्हणून वहाणेला तेल पाजण्याचे भान सर्वांना होते. स्वतःच्या टाचेचे चामडे मात्र रांगेत शेवटी उभे असे. दिवाळीतील अभ्यंगस्नान या दृष्टीने अर्थपूर्ण ठरते. पावसाळा संपून कोरडी थंडी सुरू होण्याच्या नेमक्या वेळी, वर्षातून एकदा तरी, नखशिखांत तेल लागण्याची तरतूद त्यात होती, आणि ती धर्माच्या नावाने असल्यामुळे तेवढ्यापुरता काटकसरीचा अंमल थांबत असे.

या भागात घाण्यावर निघणारी तेले म्हणजे करडई, तीळ, जवस आणि शेंगदाणा. करडईला कानडीत ‘कुसुबी’ म्हणतात. करडईच्या नेहमीच्या वाणांच्या तेलात लिनोलेइक आम्लाचे प्रमाण सुमारे ७५ टक्के असते आणि त्वचेचा वरचा संरक्षक थर बांधण्यासाठी हेच स्निग्धाम्ल आवश्यक असल्याचे आज ज्ञात आहे. घाणेकऱ्याला हे रसायन ठाऊक नव्हते. हाताशी होते ते तेल त्याने वापरले आणि ते योग्य निघाले, इतकेच म्हणणे प्रामाणिकपणाचे होईल. परंपरेतील प्रत्येक योगायोगाला पूर्वजांचे विज्ञान म्हणण्याची जी प्रवृत्ती अलीकडे वाढली आहे तिला येथे आधार नाही.

नुसत्या तेलाची मर्यादा मात्र जुन्या लोकांनी नेमकी ओळखली होती. तेल पातळ असते. चालताना ते अंथरुणाला, धुळीला आणि जमिनीला लागून निघून जाते. त्यावर उपाय म्हणून त्यात मेण वितळवले जाई. मधमाश्यांचे मेण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणजे सोलापूरच्या वैशाखातही ते टाचेवर घट्ट राहते. तिळाच्या तेलात मेण मंद आचेवर वितळवून केलेले ‘सिक्थतैल’ वैद्यांना परिचित आहे. घरोघरी ते नावाशिवाय होत असे. युनानी वैद्यकात याच जातीच्या मलमाला ‘कैरूती’ म्हणतात व तो शब्द मेणमलमाच्या ग्रीक नावावरून आलेला आहे. बहमनी राजधानी राहिलेले गुलबर्गा दुधनीपासून फार दूर नाही. त्यामुळे या परिसरात आयुर्वेद आणि युनानी या दोन्ही परंपरांचे मेण एकाच कढईत वितळले असणे अशक्य नाही, मात्र त्याहून अधिक ठाम विधान करणे उचित होणार नाही.

राळेचे मलम हा दुसरा टिकाऊ प्रकार. राळेची पूड तेलात किंवा तुपात वितळवून ते मिश्रण पाण्यात पुन्हा पुन्हा फेटून धुतले की पांढरे, लोण्यासारखे मलम तयार होते. तांब्याच्या भांड्यात शंभर वेळा धुतलेल्या ‘शतधौत’ घृताची रीतही हीच. पुण्यात तयार होणाऱ्या ‘कैलास जीवन’ या मलमात खोबरेल व राळ हे घटक आहेत. अनेक मराठी घरांत ते भाजण्या-कापण्यापासून टाचांपर्यंत सर्वत्र वापरले जाते. सुश्रुताच्या लेपातील राळ अशा रीतीने डबीत भरून किराणा दुकानात आली.

कोकणात या जागी कोकमाचे तेल येते. कोकमाच्या बियांतील ही चरबी साधारण ४० अंशांच्या आसपास वितळते, त्यामुळे ती गोळ्याच्या रूपात ठेवता येते व अंगाच्या उबेने वा दिव्यावर जराशी गरम करून भेगेत भरता येते. १८६८ च्या ‘फार्माकोपिया ऑफ इंडिया’ या ग्रंथात इंग्रज अधिकाऱ्यांनीही तिची दखल घेतली. घाटावर, आणि त्यातही दुधनीसारख्या पूर्वेकडील टोकाला, ती व्यापाऱ्यामार्फतच मिळे. तेथील नित्याचा उपाय मेण-तेल हाच होता. वडाच्या चिकाची नोंद त्याहून जुनी आहे. व्हाइटलॉ एन्स्ली यांनी १८२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘मटेरिया इंडिका’त तळपायाच्या भेगांवर वडाचा चीक लावण्याचा उल्लेख येतो. हा चीक वाळला की रबरासारखा पापुद्रा धरतो आणि भेगेच्या कडा काही काळ आवळून ठेवतो. त्यात बरे करण्यापेक्षा झाकण्याचा गुण अधिक असावा.

वज्री

तेलाइतकेच घासण्याला महत्त्व होते. न्हाणीतील दगड, भाजलेल्या विटेचा तुकडा, खापर यांनी टाच घासण्याची सवय सार्वत्रिक होती. त्याचे सुबक रूप म्हणजे वज्री. तळाशी खरखरीत, दातेरी पृष्ठभाग आणि वर धरायला मोर, हत्ती, मासा अशा आकृत्यांची पितळी मूठ. काहींच्या पोटात खडे घालून त्या खुळखुळणाऱ्या केलेल्या. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अशा वज्रींचा संग्रह आहे. संग्रहालयातील कपाटात त्या कलावस्तू म्हणून दिसतात आणि त्या आहेतही. परंतु त्यांच्या शेजारी विटेचा तुकडा ठेवला, तरच घासण्याचा इतिहास पुरा होईल. ज्या पायांना वज्रीची सर्वाधिक गरज होती त्या पायांच्या वाट्याला पितळी मोर आला नव्हता.

काशाच्या वाटीने तळव्याला तूप चोळण्याची रीत याच्या शेजारची असली तरी हेतू निराळा आहे. उन्हाळ्यात डोळ्यांची व पायांची आग शमावी म्हणून ती केली जाते. टाच मऊ होणे हा तिचा आनुषंगिक लाभ होय.

बिब्बा : उपचाराची दुसरी बाजू

घरगुती उपचारांविषयी लिहिताना त्यांतील अपायकारक भाग गाळण्याकडे कल असतो. बिब्ब्याच्या बाबतीत तसे करणे धोक्याचे ठरेल. काटा मोडणे, कुरूप होणे, टाच फुटणे यांवर बिब्बा तापवून त्याचे काळे तेल भेगेत सोडण्याची प्रथा ग्रामीण महाराष्ट्रात दूरवर पसरलेली आहे. या तेलातील भिलावनॉल नावाचे द्रव्य त्वचेला तीव्र दाह करणारे आहे. बिब्बा ‘उतला’ की फोड येतात, पाणी सुटते, सूज चढते, आणि हे लावलेल्या जागेपुरते मर्यादित राहीलच असे नाही. दुसऱ्या महायुद्धात भारतातील अमेरिकन सैनिकांच्या अंगावर जो विचित्र दाह उठला त्याचे कारण धोब्यांनी कपड्यांवर खुणा करण्यासाठी वापरलेला बिब्बा हेच निघाले होते. मग लोक तो टाचेत का सोडत राहिले? टाचेची कातडी जाड व बरीचशी मृत असते, त्यामुळे तेथे बिब्बा इतर जागेच्या मानाने सोसतो. शिवाय तो भेग जाळून बधिर करतो आणि दुसऱ्या दिवशी मजुरीला उभे राहता येते. एका दिवसाची मजुरी बुडणे ज्याला परवडत नाही त्याने केलेली ही निवड होती. तिला अज्ञान म्हणून मोकळे होणे सोपे आहे. वितळलेले मेण कढतच भेगेत ओतण्याचा प्रकारही याच जातीचा, आणि त्याने होणारे भाजणे भेगेपेक्षा वाईट.

पायाच्या प्रत्येक फुटण्याला रुक्षताच कारण असते असेही नाही. १९६० मध्ये सी. गोपालन व एस. जी. श्रीकांतिया यांनी दख्खनमधील ज्वारी खाणाऱ्या गरीब लोकांतील पेलाग्रा या विकाराकडे लक्ष वेधले. नायासिन या जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या या रोगात त्वचा काळवंडते, खवल्यासारखी होते व फुटते. मात्र ती पायाच्या वरच्या बाजूस, हातांवर व मानेवर, जेथे ऊन लागते तेथे. टाचेखालची भेग आणि पावलावरची ही भेग यांतला फरक ज्वारीच्या प्रदेशात कळणे अगत्याचे होते, कारण दुसरीवर कितीही तेल चोळले तरी उपयोग नव्हता. ताटात बदल हवा होता.

रेल्वे, फरशी आणि डबीतील मलम

सोलापूरहून रायचूरकडे जाणारा ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग १८७१ मध्ये पुरा झाला. दुधनीच्या बाजारपेठेला त्याने काय दिले हा स्वतंत्र विषय आहे. टाचांच्या इतिहासाच्या दृष्टीने याच लोहमार्गावरचे पुढचे एक स्थानक महत्त्वाचे ठरते, ते म्हणजे शहाबाद. शहाबादी फरशी घरोघर पोहोचली आणि शेणाने सारवलेली मऊ भुई हळूहळू मागे पडली. पुढे चूल गेली, ओटा आला, आणि बसून होणारा स्वयंपाक उभ्याने होऊ लागला. कठीण पृष्ठभागावर दीर्घकाळ उभे राहिल्याने टाचेखालची चरबीची गादी दाबली जाऊन बाजूंना पसरते, आणि कडेची जाड, कोरडी कातडी तो ताण न सोसून फाटते. शेतात न जाणाऱ्या गृहिणीच्या टाचा का फुटतात याचे एक उत्तर फरशीत आहे. साबण व धुण्याची पूड यांचा वाढता वापर हे दुसरे.

पादत्राणांतही असाच उलटफेर झाला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्वस्त रबरी चपला आणि जुन्या टायरच्या वहाणा आल्या व अनवाणी पाय प्रथमच मोठ्या प्रमाणावर झाकले गेले. हा बदल लहान नव्हता. काटा, धसकट व तापलेली जमीन यांपासून तळवा वाचला. परंतु या चपलांची टाच मागून उघडीच राहते, तिला बांध नसतो आणि वारा लागत राहतो. त्वचारोगतज्ज्ञ आज टाच झाकणारी पादत्राणे सुचवतात ती यासाठी.

औषधांच्या बाजारात रॉबर्ट चेसब्रो यांनी १८७२ मध्ये अमेरिकेत पेटंट घेतलेली पेट्रोलियम जेली, १९२९ मध्ये कलकत्त्यात निघालेले बोरोलीन आणि नंतर खास टाचांसाठी म्हणून विकली जाणारी मलमे अशी रांग लागली. दूरदर्शनवरील जाहिरातींनी एक मोठा बदल घडवला. त्यांत भेगाळलेली टाच दुखते म्हणून नव्हे तर दिसते म्हणून लपवावी लागते. सुंदर चेहऱ्याची स्त्री आणि तिची लाजिरवाणी टाच, हे चित्र त्यांनी रुजवले. मजुरीची खूण असलेली भेग अशा रीतीने निष्काळजीपणाची खूण ठरली.

आधी पाणी, मग तेल

१९५२ मध्ये अर्विन ब्लँक या अमेरिकन संशोधकाने एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. पायाच्या घट्ट्याचे वाळलेले तुकडे निरनिराळ्या तेलांत ठेवूनही कडकच राहिले. पाणी मिळताच ते मऊ झाले. कातडीला लवचीक ठेवते ते पाणी. तेलाचे काम ते पाणी उडू न देण्याचे. टाचेच्या त्वचेत स्निग्ध स्राव करणाऱ्या ग्रंथी नसतात, त्यामुळे हे राखण बाहेरूनच करावे लागते. या प्रकाशात जुन्या उपचाराकडे पाहिले असता असे दिसते की, सामग्रीपेक्षा क्रम अधिक निर्णायक होता. सुश्रुताने मेणाच्या लेपाआधी स्वेदन सांगितले आहे. न्हाणीत पाय भिजवून, घासून, मग रात्री मेण-तेल भरणाऱ्या घरातही हाच क्रम होता. याउलट कोरड्या टाचेवर नुसते तेल चोपडणाऱ्याचा उपचार अर्धाच राहिला.

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९४६ पासून काम करणारे शल्यविशारद पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोग्यांच्या बधिर पायांना होणाऱ्या जखमा रोगामुळे आपोआप होत नसून न जाणवणाऱ्या इजांमुळे होतात, हे दाखवून दिले. बधिर पायाची कातडी घाम न आल्याने सुकते, फुटते आणि भेगेतून जंतू हाडापर्यंत जातात. त्यावर कुष्ठसेवेत जी स्वकाळजी रूढ झाली ती अशी : पाय वीस मिनिटे पाण्यात भिजवणे, कडेची जाड कातडी हलक्या हाताने दगडाने घासणे आणि ओला पाय न पुसता त्यावर तेल लावणे. न्हाणीघरातील उपचार येथे कार्यपद्धती म्हणून रुग्णालयात शिरला. त्यात घातलेली भर मोलाची होती. रोज पाय उलटा करून पाहणे आणि पाते न लावणे या दोन गोष्टी परंपरेत नव्हत्या.

आज मधुमेहाच्या रुग्णाला हीच दक्षता सांगितली जाते, मात्र त्याला पाणी कोमट आहे की कढत हे पायाने न पाहता कोपराने पाहावे लागते आणि घासणेही वैद्यकीय सल्ल्याविना करू नये. साध्या भेगांसाठी दहा-पंधरा मिनिटे कोमट पाण्यात पाय, सौम्य घर्षण, लगेच पेट्रोलियम जेली, मेण-तेल किंवा यूरिया असलेले मलम आणि रात्री सुती मोजे एवढे पुरते. लिंबाचा रस उघड्या भेगेवर पिळण्याचा वर्तमानपत्री सल्ला केवळ झोंबण्यापुरता उपयोगी आहे. भेग खोल जाऊन रक्त येत असेल, भोवती लाली व सूज चढत असेल, बोटांच्या बेचक्यांत खाज व पांढरेपणा असेल किंवा तळव्यावर खवले सुटत असतील तर गृहोपचाराची हद्द संपलेली असते. मग जंतुसंसर्ग, बुरशी वा सोरायसिस यांचा विचार डॉक्टरकडूनच व्हायला हवा.

सोलापूर व कलबुर्गी हे दोन्ही जिल्हे हत्तीरोगाच्या प्रादुर्भावासाठी नोंदले गेलेले आहेत. सुजलेल्या पायाच्या रुग्णाला टाचेची व बोटांमधली भेग हे जंतूंचे प्रवेशद्वार ठरते, आणि ताप येऊन पाय आणखी सुजण्याचे झटके त्यातूनच सुरू होतात. म्हणून आरोग्य कर्मचारी रुग्णांना पाय धुण्याचे प्रात्यक्षिक दाखवतात : एक टब, एक मग, साबण, स्वच्छ पंचा. सीमेवरच्या या कोरड्या पट्ट्यात, जेथे उन्हाळ्यात घागरभर पाण्यासाठी पायपीट होते, त्या प्रात्यक्षिकातील सर्वांत महाग वस्तू पाणी हीच असते. ते पाणी डोक्यावरून आणणारी स्त्री घरी पोहोचल्यावर हंडा उतरवते, पिण्याचे वेगळे काढते, जनावरांचे वेगळे काढते, आणि पायावर घेते ते भांडी विसळलेले.